१४४०चा आराखडा, ३६०चा फोन: रावेर पट्ट्यातल्या एका केळी-संकेतस्थळाचं प्रकरण

या कामातली सगळ्यात महाग चूक मी पहिल्या अर्ध्या मिनिटात केली. फिग्मा, म्हणजे संकेतस्थळांचे आराखडे काढायचं हत्यार, उघडलं, नवीन फ्रेम, म्हणजे कोरा कागद, घेतली, तयार मापांच्या यादीतून ‘डेस्कटॉप, १४४० बाय १०२४’ वर टिचकी मारली आणि रंग-फोटोंच्या मागे लागलो. हे माप का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. पुढचे दोन आठवडे फुकट काम करावं लागलं ते त्या टिचकीपायी.

काम काय होतं

रावेर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता आणि संचालक मंडळाला नाव छापून आलेलं आवडणारही नाही. सावदा, निंभोरा, ऐनपूर, तांदलवाडी या पट्ट्यात केळीवाला सकाळी पहिली चौकशी करतो ती भावाची. बऱ्हाणपूरला काय निघाला, रावेरला काय निघाला, नवतीला (नव्या लागवडीच्या मालाला) किती, पिलबागेला (खोडव्याच्या मालाला) किती, वापसीला (नाकारलेल्या हलक्या मालाला) किती. कंपनीचा भाव रोज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडायचा, पण दोनशे ‘शुभ सकाळ’खाली तो सापडायचा नाही. म्हणून संकेतस्थळ हवं होतं. पहिलं काम आजचा भाव दाखवायचं. दुसरं कापणीची नोंदणी, म्हणजे बाग तयार आहे, मजुरांची टोळी आणि गाडी पाठवा, हे कळवायचं. तिसरं टिश्यू कल्चर रोपांची मागणी. आणि चौथं, बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी एक रुबाबदार पान.

हे चौथं काम अध्यक्षांच्या, म्हणजे आप्पांच्या, फार जिव्हाळ्याचं. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पानाच्या माथ्यावर ठळक दिसलं पाहिजे, मागे बागेचा मोठा फोटो पाहिजे, दिल्लीचा व्यापारी बघत राहिला पाहिजे. ही मागणी चुकीची नव्हती. फक्त चार कामांपैकी एकाचीच ती होती, आणि मी तिलाच धरून सगळा आराखडा काढला.

टीव्हीवरची मंजुरी

माझ्या जळगावच्या खोलीत २४ इंची मॉनिटर आहे, १९२० बाय १०८०चा. त्यावर १४४०ची फ्रेम छान मावते, दोन्ही बाजूंना हत्यारांच्या पट्ट्या राहतात. मुखपृष्ठावर रुंदभर बागेचा फोटो, त्यावर शीर्षक, खाली डावीकडे भावाचा सहा रकान्यांचा तक्ता, उजवीकडे कापणी नोंदणीचा अर्ज. मजकूर अजून आला नव्हता, म्हणून लॅटिन भरताड टाकलं होतं. ‘लोरेम इप्सम’ म्हणतात ते.

बैठक कंपनीच्या सभागृहात झाली. भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही. लॅपटॉप जोडला, आराखडा पूर्ण पडद्यावर उघडला, आणि खोलीतल्या बारा माणसांना बागेचा फोटो दिसला. आप्पा म्हणाले, “वा, शोभलं बुवा.” कुणी लॅटिनकडे बघितलंही नाही. केळीचे वेफर्स आणि चहा झाला, मंजुरी मिळाली, निम्मी रक्कम मिळाली. कोड लिहिणारा माझा भुसावळचा मित्र दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला.

खरं तर त्या दिवशी मंजूर झाला तो एक मोठा फोटो. तिथं बसलेल्या एकानेही ते संकेतस्थळ पुढे कधी टीव्हीवर बघितलं नसतं. इतकी साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही, कारण टाळ्या चालू होत्या.

ताईंचा मॉनिटर

पाच आठवड्यांनी चाचणीची प्रत चढवली आणि कंपनीच्या कार्यालयात गेलो. नोंदी करणाऱ्या ताई तिथल्या संगणकावर बसतात. भाव रोज त्याच भरणार, फोनवर आलेल्या नोंदी त्याच टाकणार. त्यांनी पान उघडलं, जरा वेळ बघितलं आणि विचारलं, “सर, नोंदणीचं बटण कुठंय?”

बटण होतं, पण पडद्याखाली.

मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८चा. हे माप आपल्याकडे कार्यालयात, सायबरमध्ये, स्वस्त लॅपटॉपवर इतकं पसरलेलं आहे की त्याचा विचित्रपणा कुणाच्या लक्षातही येत नाही. सोळास नऊ या प्रमाणात ७६८ उंचीला रुंदी येते १३६५.३३, ती वर ओढून १३६६ केली. असो. आता ७६८मधून विंडोजची खालची पट्टी ४० गेली, ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी आणि बुकमार्कची ओळ गेली, की पानाला उरतात साधारण ६१० ते ६५० पिक्सेल. माझी फ्रेम १०२४ उंच. म्हणजे माझ्या चित्रातला खालचा चारशेच्या आसपास पिक्सेलचा भाग ताईंना सरकवल्याशिवाय दिसणारच नव्हता, आणि बटण नेमकं त्यातच होतं.

रुंदीचा घोळ याहून बेरकी निघाला. मित्राने बूटस्ट्रॅप नावाचा पानमांडणीचा तयार कोड वापरला होता. त्याच्या पाचव्या आवृत्तीत मजकुराच्या चौकटीची रुंदी टप्प्याटप्प्याने ठरते: खिडकी १४०० किंवा जास्त असेल तर चौकट १३२०, खिडकी १२०० ते १४००च्या मधली असेल तर ११४०. माझा आराखडा १४४०चा, म्हणून मी सगळं १३२०च्या हिशेबाने मांडलेलं. ताईंचा पडदा १३६६. १४००च्या रेषेला ३४ कमी पडले आणि चौकट एकदम १८० पिक्सेलनी आकसली. सहा रकान्यांचा तक्ता दाटला, अर्जातल्या चौकटींची नावं दोन-दोन ओळींत मोडली, आणि सगळं आणखी खाली ढकललं गेलं. नुसतं ७४ पिक्सेल अरुंद पडद्याचं दुखणं असतं तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आराखडा एका टप्प्यात काढला आणि वापर दुसऱ्या टप्प्यात झाला, घाव बसला तो तिथं.

आणि १४४० कुणाचं माप? जुन्या मॅकबुक एअरचं, १४४० बाय ९००. पुढच्या कित्येक मॅकबुकांनीही तेच माप मूळ सेटिंग म्हणून ठेवलं. डिझाइन करणाऱ्यांच्या मांडीवर ते यंत्र असतं, म्हणून त्यांच्या हत्यारांत ते माप मुरलं. रावेरला मी ते यंत्र एकाच माणसाकडे पाहिलं आहे, आणि तो सुट्टीवर आलेला पुण्याचा पोरगा होता.

नानांचा फोन

त्याच दुपारी नाना आले. वय सत्तरीच्या पुढचं, बाग स्वतः बघतात, गटात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, “काय रे भो, मले तं याच्यात भावच दिसे ना.”

तक्ता उजवीकडे पडद्याबाहेर गेला होता. डावीकडे गावाचं नाव आणि तारीख दिसत होती, नवतीचा रकाना अर्धा कापलेला, पिलबाग आणि वापसी गायब. बोटाने सरकवलं की सगळं पानच हलायचं. ज्या एका आकड्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच नेमका झाकलेला.

मित्राचा पहिला युक्तिवाद असा की फोन चांगला आहे, खोक्यावर १०८० बाय २४०० लिहिलंय, मग हजार पिक्सेलमध्ये तक्ता मावायला काय हरकत आहे? हा गैरसमज इतका सर्रास आहे की जरा थांबून सांगतो. खोक्यावरचे पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे खरे ठिपके. पान मांडताना ब्राउझर ते ठिपके मोजत नाही. तो स्वतःचा एक पिक्सेल धरतो आणि त्या एकात दोन, पावणेतीन किंवा तीन ठिपके बसवतो. नानांच्या फोनचं गुणोत्तर ३, म्हणून १०८० भागिले ३, रुंदी ३६०. त्यांच्या सालदाराचा फोन स्वस्त, ७२० बाय १६००चा, गुणोत्तर २. त्याचीही रुंदी ३६०, उंचीही दोघांची ८००. एका फोनच्या किमतीत दुसरे दोन येतील, पण आराखड्याच्या दृष्टीने ते एकच यंत्र. महागड्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसतात, बाकी जागा तेवढीच.

नानांच्या फोनात आणखी एक भानगड होती. अक्षरं बारीक दिसतात म्हणून नातवाने सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या सगळ्याच गोष्टी मोठ्या करून दिल्या होत्या. अँड्रॉइडमध्ये ‘डिस्प्ले साइज’ वाढवलं की हे गुणोत्तरच वाढतं. तीनचं साडेतीनच्या जवळ गेलं, की १०८०ला भाग जाऊन रुंदी उरते ३२०च्या घरात. ज्या पिढीला भाव वाचायला सगळ्यात जास्त त्रास, तिच्याच हातात सगळ्यात अरुंद पडदा.

९८०चा घोळ

त्या संध्याकाळी ठरवलं की आता अंदाज पुरे, मोजायचं. एक पान बनवलं, त्यात फक्त तीन आकडे: खिडकीची रुंदी, उंची आणि गुणोत्तर. दुवा गटावर टाकला, सगळ्यांना सांगितलं की उघडा आणि पडद्याचा फोटो पाठवा.

रात्री नऊपर्यंत फोटो येत राहिले. प्रत्येकात रुंदी ९८०.

मित्र खूश. “बघ, मी म्हणत नव्हतो? हजाराच्या जवळ आहे.” मलाही दोन मिनिटं सुटल्यासारखं वाटलं. मग शंका आली. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन, वेगवेगळ्या किमती, आणि सगळ्यांची रुंदी पिक्सेलभरही न चुकता सारखी? माझी मोजपट्टीच खोटी होती. पानाच्या कोडात माथ्यावर व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे ‘फोनच्या खऱ्या रुंदीत मांड’ असं ब्राउझरला सांगणारी ओळ, लिहायची राहिली होती. ती ओळ नसली की फोनचा ब्राउझर समजतो की हे जुनं, संगणकासाठीचं पान आहे, आणि ते ९८० रुंदीच्या कल्पित कागदावर मांडून पडद्यात मावेल इतकं बारीक करून दाखवतो. २००७च्या आयफोनपासूनची ही रीत. तेव्हा जगातली बहुतेक पानं त्याच रुंदीच्या आसपास बांधलेली असत.

त्यामागे आणखी जुना हिशेब आहे. मी शिकलो तेव्हा सायबर कॅफेत ८०० बाय ६००चे डबे होते आणि पानाच्या तळाशी ‘हे पान अमुक मापावर चांगलं दिसतं’ अशी प्रेमळ सूचना असायची. पुढे १०२४ बाय ७६८ आलं. त्यातून स्क्रोलपट्टी वगैरे वजा करून सगळ्यांनी ९६० हे माप धरलं, कारण त्याला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६ या सगळ्यांनी भाग जातो आणि रकाने सुटसुटीत पडतात. त्या काळी आराखड्याचं माप हा एक आकडा होता आणि तो पाठ असला की पुरे. २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी लवचिक मांडणीच्या रीतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं आणि तो एक आकडा मोडीत निघाला. माझ्या बोटाची सवय मात्र मोडीत निघाली नव्हती.

ओळ घातली, दुवा पुन्हा पाठवला. या वेळी आकडे खरे आले. सगळ्यात जास्त जणांचा ३६०. त्यानंतर ३९३ आणि ४१२, म्हणजे १०८०लाच पावणेतीनने किंवा २.६२५ने भागलेलं. एक-दोन आयफोन, ३९०चे. नानांसारखे तिघे-चौघे ३२० ते ३३०मध्ये. कार्यालयात १३६६. एका संचालकाच्या मुलाचा लॅपटॉप १५३६ बाय ८६४ सांगत होता. असं माप बाजारात मिळत नाही. तो १९२० बाय १०८०चा पडदा, फक्त विंडोजने सगळं १२५ टक्के मोठं केलेलं. १४४० एकही नाही.

उंचीचे आकडे मला जास्त उपयोगी पडले. ८०० उंचीच्या फोनातून वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी, पत्त्याची पट्टी आणि खालची तीन बटणं गेली की पानाला साडेसहाशेच्या आसपास उरत होते. आराखड्याच्या गप्पा नेहमी रुंदीच्या होतात. इथं कार्यालयात आणि शेतात, दोन्हीकडे आम्हाला दगा दिला उंचीनेही.

मापं ठरली ती अशी

मुख्य आराखडा ३६० बाय ६४०. पडदा ८००चा असला तरी फ्रेम ६४०ची, कारण तेवढं नक्की दिसतं. दुसरा आराखडा १२८० रुंद, आणि त्यावर ६०० उंचीवर एक लाल आडवी रेघ. भावाचा आकडा आणि नोंदणीचं बटण त्या रेघेच्या वर पाहिजेच. १३६६ न घेता १२८० घेतलं ते दोन कारणांनी. १३६६मधून १७ पिक्सेलची स्क्रोलपट्टी वजा केली तर १३४९ उरतात, म्हणजे पूर्ण १३६६ तसेही कुणाला मिळत नाहीत. आणि १९२०च्या लॅपटॉपवर कुणी दीडशे टक्के मोठं करून ठेवलं असेल तर त्याची खिडकी बरोबर १२८०ची होते. दोन्ही पडदे बूटस्ट्रॅपच्या एकाच टप्प्यात, ११४०च्या चौकटीत पडतात. जो टप्पा वापरात येणार, त्याच टप्प्यात चित्र काढायचं.

मित्राला ७६८ आणि १०२४चेही आराखडे हवे होते, कारण त्याच्या कोडात ५७६, ७६८, ९९२, १२००, १४०० असे टप्पे आहेत आणि प्रत्येकाला एक चित्र असावं असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. गटात टॅब्लेट वापरणारा एकही सापडला नव्हता, आणि दोन चित्रांच्या मधल्या रुंदींचं काय व्हायचं ते ब्राउझरची खिडकी हाताने लहान-मोठी करून बघता येतं. आम्ही तसंच केलं. खिडकी हळूहळू ओढत गेलो, आणि तक्त्याचा जीव ५२०च्या आसपास गुदमरायला लागला. टप्पा तिथं टाकला. ५२० हा आकडा कोणत्याही यादीत नाही, तो या तक्त्याचा आहे.

३२०चं वेगळं चित्र काढलं नाही, पण प्रत्येक पान त्या रुंदीवर तपासायचं असा नियम केला. सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांतही हेच ३२० आहे: पानाचा मजकूर तेवढ्या रुंदीत आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. १२८०चा पडदा चारशे टक्के मोठा करून वाचणाऱ्याला नेमके ३२० उरतात, तिथून तो आकडा आला. नानांनी निकष वाचले नव्हते, पण त्यांचा फोन तिथंच उभा होता.

भावाचा तक्ता

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते यानेच. ३६०मधून दोन्ही कडांना १६ सोडले की ३२८ राहतात. त्यात गाव, तारीख, नवती, पिलबाग, वापसी आणि कालच्यापेक्षा फरक असे सहा रकाने बसवायचे तर एकेकाला पंचावन्न पिक्सेलही येत नाहीत. पहिला उपाय मी केला तो सगळेच करतात: अक्षर १२वर आणलं. चित्रात ते व्यवस्थित दिसलं. मग दुपारी एक वाजता फोन घेऊन बांधावर गेलो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. त्या उन्हात पडद्यावर आधी स्वतःचा चेहरा दिसतो आणि मग, दिसलाच तर, भाव. फिकट करडं १२चं अक्षर तिथं नव्हतंच म्हणा ना.

मग तक्ताच मोडला. गाव आणि तारीख प्रत्येक गटाच्या डोक्यावर एका ओळीत घेतली. खाली नवती, पिलबाग, वापसी असे तीनच खण, एकेक शंभरेक पिक्सेलचा. आकडा २४चा, जाड, जवळजवळ काळा. फरक वेगळा रकाना न ठेवता आकड्याखाली छोट्या बाणाने दाखवला. दिल्लीच्या व्यापाऱ्याला १२८०वर सहा रकान्यांचा तक्ता तसाच ठेवला, त्याला तो लागतो.

मराठी मजकूर आल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. लॅटिन भरतीवर ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.२ पट ठेवलं होतं आणि ते डौलदार दिसत होतं. त्यात ‘कापणीपूर्वी दोन दिवस कळवावे’ घातलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढला. देवनागरीला वर मात्रा-रफार लागतात, खाली उकार लागतात, आणि १.६ पटीच्या खाली तिचा श्वास कोंडतो. अंतर वाढवलं की पानाची उंची वाढते, उंची वाढली की ६४०चा हिशेब पुन्हा. इंग्रजीत दोन छोट्या शब्दांत भागणारं बटण आमच्याकडे ‘कापणीची नोंदणी करा’ झालं. ते अर्ध्या रुंदीत मोडायचं, म्हणून पूर्ण रुंदीचं केलं. हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं असतं, जर मी खरा मजकूर मागितला असता किंवा स्वतः चार ओळी खरडल्या असत्या. माप बरोबर असून भागत नाही, त्या मापात आपलीच लिपी बसवून बघावी लागते.

बटणाची उंची आधी ४० होती. अँड्रॉइडची शिफारस ४८ची आहे. आम्ही ५६ ठेवली, आणि त्यामागे एकच कारण: केळीचा चीक. घड उतरवताना हाताला चीक लागतो, वाळला की काळा पडतो, आणि तसल्या अंगठ्याने चिरलेल्या काचेवर टिचकी मारली की ती कुठं पडेल याचा नेम नसतो. जळगावच्या पंख्याखाली बसून हे सुचलं नसतं.

तेच बटण पडद्याच्या तळाशी चिकटवायला गेलो तेव्हा ते पत्त्याच्या पट्टीच्या हिशेबात अडकलं. मित्राने पानाची उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे खिडकीच्या उंचीच्या शंभर टक्के, दिली होती. फोनचा ब्राउझर ती उंची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतो. पान उघडताना पट्टी दिसत असते, म्हणून बटण तेवढंच खाली बुडतं. आता यासाठी ‘डीव्हीएच’ आणि ‘एसव्हीएच’ अशी नवी एककं आहेत. दुसरं, पट्टी दिसते आहे असं धरून मोजणारं, वापरलं, बटण वर आलं.

दुसरी मंजुरी

या वेळी टीव्ही लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आराखड्याची चित्रं गटावर पाठवली आणि पुन्हा तोंडघशी पडलो. ३६० रुंद आणि दोन हजार उंच असं एक लांबलचक चित्र होतं. फोनने ते पडद्यात मावेल असं लहान केलं आणि सगळं मुंग्यांसारखं दिसायला लागलं. शिवाय मूळ मापातच काढलेलं, म्हणून तीन गुणोत्तराच्या फोनवर धुरकट. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून त्यात भर घातली. शेवटी फिग्मातला चालता नमुना दुव्याने उघडून दिला, प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर. ज्यांना तो उघडला नाही त्यांना १०८० रुंदीची, एका पडद्याएवढीच चित्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

बैठकीत आप्पा नाराज. “एवढ्याशा डबीत दाखवता? त्या दिवशी कसं भारदस्त वाटत होतं.” त्यांचं मन मोडायचं नव्हतं आणि त्यांची गरजही खोटी नव्हती. व्यापाऱ्याचं पान १२८०वर काढलं होतंच, फोटो त्यात रुंदभर होता, मानांकनाची ओळ माथ्यावर होती. रुंद पडद्यावर फोटो पसरत जाईल आणि मजकूर ११४०लाच थांबेल, हे मी त्यांना ताईंच्या मॉनिटरवर दाखवलं. मग शेजारी बसलेल्या नानांना फोन उघडायला सांगितलं. नानांनी तो पुन्हा लांब धरला, आणि मोठ्याने तिन्ही भाव वाचून दाखवले. मग म्हणाले, “वापसीले इतका कमी भाव कसा लावला?” पुढची वीस मिनिटं बैठक वापसीवर चालली. आराखड्यावर कुणी काही बोललं नाही, त्यालाच मी मंजुरी समजलो.

राहिलेलं

सगळं सुटलं असं नाही. फोनमध्ये अक्षरांचा आकार वेगळा वाढवून ठेवणाऱ्यांच्या पडद्यावर तीन खण दोन-एक असे मोडतात. वाचता येतं, दिसायला बरं नाही. कुणीतरी फोन आडवा धरून बघतो, तेव्हा उंची ३६० होते आणि वर चिकटलेली नावाची पट्टी पडद्याचा मोठा वाटा खाते. उंची कमी असली की पट्टी सोडून द्यायची, असा नियम महिनाभराने घातला.

करारात आता मी एक ओळ लिहितो: आराखडे कोणत्या रुंदीचे आणि किती उंचीच्या रेघेचे, आणि मंजुरी कोणत्या यंत्रावर बघून द्यायची. मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाने ती ओळ वाचून विचारलं की टीव्ही चालेल का. मी विचारलं, तुमचं गिऱ्हाईक टीव्हीवर बघणार आहे का? त्याने फोन काढला.

रावेरला परवा गेलो होतो. संकेतस्थळ बरं चाललं आहे. कार्यालयाच्या फाटकावर मात्र आप्पांनी दहा फुटी फ्लेक्स लावला आहे, आणि त्यावर पहिलाच आराखडा छापला आहे, तोच १४४०चा, बागेच्या फोटोसकट. त्यांच्या मते दिसायला तोच चांगला होता. खाली चार ओळी लॅटिनच्या आहेत. येणारे-जाणारे थांबून बघतात. अजून कुणी हटकलेलं नाही.